मोबाइलवर शॉट शिकताना: कोकणातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

शाळा-कॉलेजातल्या मुलांबरोबर किनाऱ्यावर, वाडीत आणि जत्रेत शूटिंगचा सराव घेताना तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रम महत्त्वाचा नाही, लागेल तो प्रश्न वाचा. फक्त वाचून थांबू नका. एक उत्तर वाचलं की मोबाइल घेऊन बाहेर पडा.

आमच्याकडे कॅमेरा नाही. मोबाइलवर खरंच शिकता येतं का?

येतं. शॉटचा आकार, कॅमेऱ्याची जागा, उजेडाची दिशा, दोन शॉट जोडल्यावर काय होतं या सगळ्या गोष्टी दहा हजारांच्या मोबाइलवरही तशाच शिकता येतात. महागड्या कॅमेऱ्याने पार्श्वभूमी छान धूसर होते हे खरं, पण धूसर पार्श्वभूमी म्हणजे सिनेमा नव्हे.

सेटिंग एकदाच करून ठेवा. ४के नको, १०८० पुरे. फाइल लहान राहते आणि मेमरी संपत नाही. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवता आला तर २५, नाहीतर ३०. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा, चालू करा, कारण आपल्याकडे जवळपास प्रत्येक फ्रेममध्ये क्षितिज येतं आणि समुद्र तिरका दिसला की बघणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. लेन्स सुती रुमालाने पुसा. खाऱ्या हवेचा चिकट थर दिवसभरात बसतोच, आणि मग मुलं म्हणतात, ‘सर, व्हिडिओ धुरकट येतोय.’

झूम मात्र वापरू नका. स्क्रीनवर बोटं फाकवून केलेला झूम म्हणजे चित्र कापून मोठं केलेलं असतं. जवळचं हवं तर चालत जवळ जा. अपवाद चेहऱ्याचा: मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, अगदी नाकाशी नेली तर नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले दिसतात. चेहऱ्याच्या क्लोजअपला हातभर मागे उभे राहा. मोबाइलला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर इथे ती वापरा.

शॉटचे प्रकार पाठ करायचे का?

नावं पाठ असली तर सेटवर वेळ वाचतो, एवढंच. लाँग शॉटमध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत आणि आजूबाजूची जागा, मिडमध्ये कमरेपासून वर, क्लोजअपमध्ये चेहरा किंवा एखादी वस्तू, एक्स्ट्रीम क्लोजअपमध्ये नुसता डोळा किंवा बोटाचं टोक. पॅन म्हणजे जागेवर उभं राहून कॅमेरा आडवा फिरवणं, टिल्ट म्हणजे वर-खाली, ट्रॅक म्हणजे कॅमेऱ्यासकट आपण सरकणं. हे सांगायला एक तास पुरतो. कुठला शॉट कधी, हे मात्र सांगून कळत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी आम्ही एकच काम देतो: घरातलं एक काम निवडा आणि सात शॉटमध्ये दाखवा. एकही शब्द बोलायचा नाही, गाणं लावायचं नाही, कॅमेरा हलवायचा नाही.

समजा आजी नारळ खवते आहे. पहिला शॉट स्वयंपाकघराच्या दारातून: आजी, विळी, मागे चूल किंवा गॅस, भिंतीवरची फडताळं. आपण कुठे आहोत ते कळलं. दुसरा मिड, आजीच्या डावीकडून: एक पाय विळीच्या पाटावर दाबलेला, दोन्ही हातांत नारळाची वाटी. तिसरा हातांचा क्लोजअप: वाटी फिरते कशी, अंगठा कुठे राहतो. चौथा अगदी जवळून: विळीचे दाते आणि त्यांच्यावरून ताटात पडणारा पांढरा कीस. पाचवा आजीचा चेहरा. ती खोबऱ्याकडे बघत नसते, बघा तुम्ही, ती बोलत असते किंवा दाराकडे बघत असते. सहावा आजीच्या खांद्यावरून, तिला दिसतं तसं ताट. सातवा काहीतरी वेगळं: दारात येऊन बसलेलं मांजर, पडवीतली चप्पल, वाफ येणारं पातेलं.

हा सातवा शॉट मुलं नेहमी सोडून देतात आणि एडिटिंगला बसल्यावर तोच सगळ्यात जास्त लागतो. दोन शॉट जुळत नसतील तर मध्ये मांजर टाका, कोणाच्या लक्षात येत नाही. याला कटअवे म्हणतात.

आणि एक अडचण या कामातच दडलेली आहे. ताटातला कीस वाढत जातो. लाँग शॉटमध्ये ताट भरलेलं आणि पुढच्या क्लोजअपमध्ये रिकामं दिसलं तर कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमागून शॉटचा सलगपणा, गेली. आता कीस परत वाटीत भरता येत नाही! म्हणजे कुठला शॉट आधी घ्यायचा हे ठरवावं लागतं, दोन नारळ मागावे लागतात, किंवा ताट फ्रेमच्या बाहेर ठेवावं लागतं. दिग्दर्शनाचा पहिला धडा त्या ताटात मिळतो. कीस वाया जात नाही, संध्याकाळी सोलकढी होते.

१८० अंशांचा नियम म्हणजे काय? वाचून डोक्यात शिरत नाही.

वाचून कोणाच्याच शिरत नाही. रापण ओढताना बघा, लगेच कळेल.

रापणीत होडी समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडून येते आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन जागी माणसं ओढतात. तुम्ही एका गटाच्या दक्षिणेला उभे राहून उत्तरेकडे कॅमेरा धरला, तर समुद्र फ्रेमच्या डावीकडे येतो आणि माणसं उजवीकडे ओढताना दिसतात. आता दोराच्या पलीकडे उडी मारा आणि दक्षिणेकडे कॅमेरा धरा. तीच माणसं, तोच दोर, पण समुद्र उजवीकडे गेला आणि माणसं डावीकडे ओढायला लागली. हे दोन शॉट एकापाठोपाठ लावले की रापणीऐवजी दोन गावांची रस्सीखेच चालली आहे असं वाटतं. त्यात खरोखरच दुसरा गट शंभरेक पावलांवर ओढत असतो, म्हणजे गोंधळ पक्का.

तो दोर हीच तुमची रेषा. शूटिंगभर रेषेच्या एकाच बाजूला राहा. दोन माणसं बोलत असली तर त्यांच्या नजरांना जोडणारी ओळ ही रेषा. एक माणूस चालत असला तर त्याची चालण्याची दिशा ही रेषा.

पलीकडे जायचंच असेल तर जा, पण बघणाऱ्याला बरोबर घेऊन जा. कॅमेरा चालू ठेवून दोराखालून पलीकडे निघा, म्हणजे बाजू बदललेली डोळ्यांनी दिसते. किंवा मध्ये एक शॉट दोराच्या बरोब्बर समोरून घ्या, माणसं थेट कॅमेऱ्याकडे पाठ करून येताहेत असा. नाहीतर एक कटअवे: वाळूत रुतणारे पाय, पाटी घेऊन वाट बघणाऱ्या बायका, घिरट्या घालणारी घार.

याच्याच जोडीने एक छोटा नियम: एकाच माणसाचे दोन शॉट पाठोपाठ लावायचे असतील तर कॅमेऱ्याची जागा निदान तीस अंशांनी बदला आणि आकारही बदला. नाहीतर माणूस जागच्या जागी दचकल्यासारखा उडतो.

सूर्यास्ताचे शॉट छान येतात, पण माणसं काळी का दिसतात?

कारण तुम्ही मावळत्या सूर्यावर कॅमेरा रोखलाय आणि माणूस मध्ये उभा आहे. मोबाइल आभाळाचा उजेड मोजतो आणि माणसाला अंधारात टाकतो. काळी आकृतीच हवी असेल तर मुद्दाम तसं करा: स्क्रीनवर आभाळावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, लॉक होईल, मग माणसाला चालायला सांगा.

चेहरा हवा असेल तर वळा. अख्खं गाव पश्चिमेकडे कॅमेरा धरून उभं असतं तेव्हा तुम्ही समुद्राकडे पाठ करा. समुद्राकडे बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो उजेड पडतो, तो विकत मिळत नाही. मागे जांभ्याचा कडा किंवा सुरूची झाडं असली तर आणखी बरं.

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, हे वेळापत्रक करताना विसरू नका. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या मागून, डोंगर-सड्यावरून वर येतो. कड्याखालची वाळू बराच वेळ सावलीत असते, नंतर उजेड समुद्राकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतो. तो सपाट असतो, पण पाण्याचा रंग तेव्हाच खरा दिसतो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, मे-जूनमध्ये सातनंतर. त्याआधीचा पाऊण तास संवादासाठी राखून ठेवा आणि तालीम दुपारी उरकून घ्या.

वाडीत शूटिंग केलं तर चेहऱ्यावर ठिपके पडतात.

नारळी-पोफळीतून गाळून आलेलं दुपारचं ऊन हा कॅमेऱ्याचा शत्रू. कपाळ पांढरं, गाल काळा, हनुवटी पुन्हा पांढरी. शिवाय पानांवरून परतलेला हिरवा रंग चेहऱ्यावर चढतो आणि नट काविळीतून उठल्यासारखा दिसतो.

ढगाळ दिवस निवडा किंवा सकाळी लवकर जा. नाहीच जमलं तर माणसाला पडवीच्या कडेला बसवा, तोंड अंगणाकडे करून. वर छप्पर, समोर उघडं आभाळ, असा मऊ उजेड स्टुडिओत दिवे लावूनही सहज मिळत नाही. गालाची एक बाजू गडद वाटली तर पांढरी चादर धरून एकाला उभं करा. हिरवटपणासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, लॉक करता येतो का ते मोबाइलच्या प्रो मोडमध्ये पाहा.

भरती-ओहोटीचा शूटिंगशी काय संबंध?

जेट्टीच्या पायरीवर दोन मैत्रिणी बोलताहेत असा प्रसंग घ्या. पहिल्या शॉटला चार पायऱ्या उघड्या. रीटेक, नाश्ता, पुन्हा रीटेक. दोन तासांनी दुसऱ्या मैत्रिणीचा क्लोजअप लावता तेव्हा दोनच पायऱ्या उरलेल्या असतात. एडिटिंगला पाणी उड्या मारतं. उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाणी दोन मीटरांहून जास्त चढ-उतार करतं; खाडीच्या मुखाशी तर फ्रेमच बदलून जाते.

घरातल्या म्हाताऱ्यांना हिशेब ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारीही. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. ढोबळ आहे, पण दिवस आखायला पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून उरलेले शॉट दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला घेऊन भागत नाही; पाणी जुळवायचं तर तास पुढे घ्यावा लागतो आणि मग ऊन जुळत नाही. म्हणून पाण्याजवळचा प्रसंग एका बैठकीत संपवा. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळून भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, दिवस घेतले तर पाणी कमी हलतं. कालनिर्णय शूटिंगच्या पिशवीत हवंच.

सुरक्षेचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. ओहोटीला चालत गेलेल्या खडकावर भरतीत अडकू नका. फ्रेममध्ये बघणाऱ्याला मागची लाट दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्यावाल्याच्या पाठीशी एकाने नुसतं समुद्राकडे बघत उभं राहायचं. हे काम कमीपणाचं नाही.

आवाज नेहमी खराब येतो. माइक घ्यावाच लागेल का?

वारा माइकमध्ये शिरला की भसभस आवाज येतो आणि तो नंतर ॲपने पुरता जात नाही. वायरचा साधा कॉलर माइक काही शे रुपयांत मिळतो. त्याच्यावर स्पंजची टोपी असते, ती वाऱ्याला पुरत नाही. केसाळ टोपी लावा किंवा माइक कॉलरच्या आत, शर्टाखाली चिकटपट्टीने बसवा. माइक नसेल तर दुसरा मोबाइल रेकॉर्डर म्हणून नटाच्या खिशात. शॉटच्या सुरुवातीला फ्रेममध्ये टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात.

गाजेचं काय करायचं? समुद्राचा आवाज सतत सारखा वाटतो, पण कट केलं की कळतं: एका शॉटमध्ये लाट फुटते आहे, पुढच्यात परत गेली आहे, आणि प्रत्येक कटला आवाज तुटतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक ठिकाणी, सगळ्यांना गप्प करून, नुसत्या जागेचा दोन मिनिटं आवाज घ्या. एडिटिंगमध्ये तो प्रसंगभर खाली अंथरा. वाडीत रहाटाचा किंवा पंपाचा, बाजारात लिलावाचा, पावसात पन्हळीचा. मुलं हे करायला कंटाळतात. त्यांना एकदा त्या आवाजाशिवायचा कट ऐकवला की कंटाळा जातो.

ट्रायपॉड नाही. शॉट हलतो.

तांदळाची रिकामी पिशवी घ्या, पाऊण भरून वाळू टाका, तोंड शिवा. तिच्यावर मोबाइल दाबून बसवला की दगडावर, गडग्यावर, होडीच्या काठावर स्थिर राहतो. हातात धरायचा तर कोपरं बरगड्यांना टेकवा आणि श्वास सोडताना शॉट घ्या.

हलता शॉट हवा असेल तर सोय आयतीच आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या कठड्याशी उभं राहून समोरचा काठ घ्या: जवळच्या होड्या पटकन मागे जातात, लांबचा डोंगर जागचा हलत नाही. महागड्या ट्रॅकवर जे करतात तेच हे. एसटीच्या खिडकीतूनही जमतं, काच पुसून घेतली तर. फक्त कारण हवं. पॅन करताना सुरुवातीची फ्रेम ठरवा, शेवटची फ्रेम ठरवा, दोन्हीकडे पाच सेकंद थांबा. कुठेतरी सुरू होऊन कुठेतरी संपणारे पॅन आम्ही बघायलाही घेत नाही.

नट कुठून आणायचे? मित्रांना अभिनय येत नाही.

नको यायला. रशियातल्या लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकाच्या सुमारास एक प्रयोग केला, तो आजही पहिल्या महिन्यात करून बघण्यासारखा आहे. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडला: सुपाची वाटी, शवपेटी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख.

आपल्या मित्राला ओटीवर बसवा, म्हणा काही करू नकोस, समोर बघ. दहा सेकंदांचा क्लोजअप. मग वेगवेगळे तीन शॉट घ्या: तळलेल्या बांगड्याचं ताट, वळणावरून धूळ उडवत निघून गेलेली मुंबईची एसटी, बंद घराच्या दाराला लावलेलं कुलूप. तोच चेहरा तिन्हींना जोडा आणि वर्गाला विचारा, हा काय विचार करतोय? उत्तरं ऐकून मित्रालाच आश्चर्य वाटेल. चाकरमान्यांच्या कोकणात एसटीवाली जोडणी कोणालाही हलवते, तेव्हा ती वापरताना जपून. दर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या फिल्ममध्ये शेवटी एसटी जातेच.

दशावतार शूट करायचा आहे. रात्री होतो. काय काळजी घेऊ?

आधी परवानगी, मंडळाच्या मालकांची आणि देवस्थानाचीही. फ्लॅश आणि मोबाइलचा टॉर्च पूर्ण बंद.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या जागी रचतात. म्हणजे दुसरा टेक नाही आणि पुढे काय येणार हेही माहीत नाही. दोन मोबाइल लावा. एक मागे, उंचावर, वाळूच्या पिशवीवर, पूर्ण रंगमंच घेऊन अखंड चालू. दुसरा हातात, पुढे बाजूला, फक्त जवळचे शॉट. हा दुसरा कॅमेरा हार्मोनियम आणि मृदंगवाल्यांकडेही वळू द्या, ते नटाकडे ज्या नजरेने बघत असतात ती नजरच कटअवे आहे.

एलईडी दिव्यांमुळे चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे आकडे बहुतेक वेळा जुळतात. सगळ्या एलईडीला नाही. मग दिव्याची जागाच फ्रेमबाहेर ठेवायची.

माझं विचाराल तर रंगमंचापेक्षा रंगपटात, म्हणजे नट तयार होतात त्या जागेत, जास्त सिनेमा आहे. नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात. हातातला लहान आरसा, ट्रंकेवर पसरलेले रंग, भुवई ओढताना रोखून धरलेला श्वास, आणि शेजारी उद्याच्या गाडीभाड्याची चर्चा. रात्री उशिरा थकलेली माणसं असतात ती, कोपऱ्यात बसा, मध्ये येऊ नका, ‘परत एकदा करा ना’ म्हणू नका.

लोक विचारतात, ‘तू कोणाचो रे?’ शूटिंगला विरोध होतो का?

विरोध नसतो, चौकशी असते. ती पूर्ण होऊ द्या. घराणं, वाडी, मामाचं गाव सांगून झालं की चहा मिळतो आणि मग कॅमेरा काढा. कॅमेरा आधी आणि ओळख नंतर असं केलंत तर सगळे ताठ बसतात आणि साडीचा पदर नीट करतात.

मासळी बाजारात बायका धंद्यावर असतात. हर्णैला संध्याकाळी लिलाव चालतो तेव्हा पाट्यांच्या वाटेत उभं राहिलात तर ऐकून घ्यावं लागेल, आणि ते बरोबरच आहे. लहान मुलांचं शूटिंग आईवडिलांना विचारल्याशिवाय नको. आणि ज्यांचं चित्रण केलंत त्यांना झालेली फिल्म नेऊन दाखवा, नेटवर चढवण्याआधी.

कागदोपत्री परवानगी कुठे लागते?

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांतही ते आहेत. तिथे फिरताना मोबाइलवर चार शॉट घेणं वेगळं आणि ट्रायपॉड, नट, वेशभूषा घेऊन फिल्म करणं वेगळं. दुसऱ्यासाठी खात्याची परवानगी काढा. रेल्वे स्टेशन आणि बंदरं यांचंही तसंच. शाळेचं किंवा कॉलेजचं शिक्क्याचं पत्र कायम जवळ असू द्या.

ड्रोनचा मोह आवरा. ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण म्हणून कुठेही उडवता येतो असं नाही. हवाई क्षेत्राचा नकाशा बघावाच लागतो. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवर तर रात्री दिवेही नकोत, ड्रोन दूरच. आणि खरं सांगायचं तर वरून घेतलेल्या हिरव्या झाडांच्या आणि निळ्या पाण्याच्या शॉटने शिकणाऱ्याला काही शिकवलेलं मी पाहिलेलं नाही.

पावसाळ्यात वर्ग बंद ठेवावा का?

उलट तेव्हाच भरवावा. ढगांचं आभाळ म्हणजे दिवसभर पुरणारा मऊ उजेड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या, जाळी पसरून दुरुस्ती चाललेली, इंजिनं खोललेली. एरवी पहाटे समुद्रावर जाणारी माणसं घरी सापडतात आणि बोलायला मोकळी असतात. जाळं शिवणाऱ्या हातांवर पंधरा शॉट सहज होतात.

पाऊस स्वतः मात्र कॅमेऱ्यात सहजी दिसत नाही. मागे काळोख हवा आणि उजेड मागून किंवा बाजूने. माजघराच्या अंधाऱ्या दारासमोरून पडणारी पागोळी दिसते, पांढऱ्या आभाळासमोरची सर दिसत नाही. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते, दहा मिनिटं तशीच राहू द्या, पुसत बसू नका.

टीम कशी पाडायची? सगळ्यांनाच दिग्दर्शक व्हायचं असतं.

चौघांची टीम: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, आणि चौथा कंटिन्युइटी व क्लॅप. प्रत्येक सरावाला कामं फिरवा, कोणाचं काही ऐकू नका. ज्याने एकदा वही घेऊन ‘शर्टाची बाही वर होती की खाली’ लिहिलं आहे, तो दिग्दर्शक झाल्यावर आरडाओरडा करत नाही. वहीत शॉटचा नंबर, आकार, टेक कितवा, आवाज ठीक की नाही आणि एक शेरा. ‘ॲक्शन’च्या आधी आणि ‘कट’च्या नंतर पाच-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवायचा, एडिटिंगला पकडायला टोक मिळतं.

एडिटिंग कशावर करू?

मोबाइलवर किनेमास्टर किंवा व्हीएन, संगणक असेल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. ट्रांझिशनच्या यादीकडे बघूही नका. साधा कट. रोज शूटिंग संपलं की फाइल्स दोन ठिकाणी कॉपी, मगच मोबाइल रिकामा.

मुलाचं दहावीचं वर्ष आहे. यातून पुढे काही होतं का, की नुसता नाद?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. दहावीच्या वर्षात आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त नको, हे आम्हीच सांगतो. पुढचं म्हणाल तर पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० पासून, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तिथल्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. म्हणजे शिक्षण सोडून पळायची गरज नाही, उलट ते पूर्ण करावंच लागतं. बाकी गावाकडेही लग्नं, पर्यटन, बागायतदारांच्या जाहिराती, शाळांचे कार्यक्रम यांचं काम असतं आणि ते नीट करणारे थोडे आहेत.

नादाचंच म्हणायचं तर दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडी फिल्म खर्ची घालत, त्याचं रोप वाढताना टिपलं होतं. ते दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. तो सराव आजही करता येतो: खिडकीत कुंडी, वाळूच्या पिशवीवर मोबाइल, कोन आणि एक्स्पोजर लॉक, रोज ठरल्या वेळी एक फोटो. महिनाभरात अंकुर सरसर वर येताना दिसतो. जूनमध्ये पेरा, उजेड सारखा मिळतो.

मोबाइल समुद्रात पडला तर?

लगेच बंद करा. चालू होतो का बघायला बटण दाबू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. कव्हर, सिम आणि कार्ड काढा. बाहेरचं मीठ गोड्या पाण्यात ओला करून पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. तांदळाच्या डब्यात ठेवण्यात अर्थ नाही, पाणी सुकलं तरी मीठ आत राहतं आणि तेच सर्किटच्या पट्ट्या खातं. त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि खाऱ्या पाण्यात पडलाय हे स्पष्ट सांगा. मेमरी कार्ड बहुतेक वेळा वाचतं, ते पुसून, वाळवून दुसऱ्या मोबाइलमध्ये घालून आधी शॉट उतरवून घ्या.